मधे कोण उभं आहे?

ऑफिसात त्याला सगळे 'रीस्टार्ट' म्हणत. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या इंटरनेटच्या तक्रारी ऐकायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "राउटर एकदा बंद करून चालू करा." निम्म्यांचं तेवढ्यात भागायचं, उरलेल्यांच्या शिव्या खायच्या. शिव्यांचं त्याला काही वाटत नसे. घरी गेलं की दारात मुंगी असायची, मग कसल्या शिव्या आणि कसलं काय.

मुंगी म्हणजे त्याची मुलगी. अंगानं इतकी हलकी, की तिला कडेवर घेतलं तरी काही उचललंय असं वाटू नये. हृदय जन्मापासून अधू. हॉस्पिटलनं तिला घरी सोडलं ते एका अटीवर. छातीवर एक चिकटपट्टी लावून ठेवायची. ती पट्टी ठोका न् ठोका घरच्या वायफायवरून हॉस्पिटलला पाठवणार आणि तिथली सिस्टर तो पडद्यावर बघणार. सलग रेकॉर्ड मिळालं तर ऑपरेशनचं ठरवता येईल, आणि मधेच काही बिनसलं तर गाडी पाठवता येईल. तुकड्यातुकड्यांत आलेल्या ठोक्यांवर कुठलाही डॉक्टर सुरी उचलणार नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं होतं.

"म्हणजे माझे ठोके उडत जातात?" मुंगीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"उडत कसले! पट्टी त्यांची छोटी छोटी पाकिटं करते आणि हॉलमधल्या राउटरकडे फेकते. राउटर सांगतो, मिळालं. तो गप्प राहिला तर पट्टी तेच पाकीट पुन्हा फेकते. फेकून फेकून दमली की नाद सोडते. मग म्हणायचं, पाकीट गळलं."

"आणि मधेच कोणी झेललं तर?"

"मधे कोण कडमडायला येतंय झेलायला!" तो म्हणाला आणि तिच्या नाकाला चिमटा काढला.

दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका दुपारी सिस्टरचा फोन आला. "तुमच्याकडची पाकिटं गळतायत. ऊन चढलं की सुरू होतं, दिवे लागायच्या वेळेला थांबतं. तेवढा वेळ मुलीचं हृदय चालू आहे की नाही, हेच मला कळत नाही हो." सिस्टर काही रागावून बोलली नव्हती, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"लोकांना सांगता तेच करा की," बायको म्हणाली. "बंद करून चालू करा."

"गप बस गं."

त्यानं चॅनेल बदललं. मायक्रोवेव्ह बंद ठेवला. शेजाऱ्यांच्या हातापाया पडून त्यांचंही वायफाय दुपारभर बंद करवलं. हॉल आणि मुंगीच्या खोलीच्या मधे माशांची मोठी काचपेटी होती, तीही देऊन टाकली, कारण पाणी सिग्नल पिऊन टाकतं. मासे गेले म्हणून मुंगी रडली. पाकिटं गळायची थांबली नाहीत. एक होतं, संध्याकाळी गळती थांबली की मुंगीला तरतरी यायची, ती उठून बसायची, भूक लागली म्हणायची. औषध लागू पडतंय असं त्याला वाटलं.

मग त्यानं रजा टाकली आणि राउटरचं पान उघडून दुपारभर ठाण मांडून बसला. घरातल्या कुठल्या वस्तूची पाकिटं कधी गळतात ते त्यावर दिसतं. पहिल्यांदा गळली हॉलमधल्या टीव्हीची. टीव्ही सावरला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या स्पीकरची. तो सावरला, तेव्हा पॅसेजमधल्या बल्बची. आणि मग मुंगीच्या पट्टीची... तिथेच ती गळत राहिली. एकामागून एक, सावकाश, कोणीतरी बाहेरून येऊन घरातून चालत जावं तसं.

काचपेटी आपण का काढली, हे त्याला आठवलं. पाणी सिग्नल पितं. आणि माणसाचं शरीर म्हणजे तरी काय, बहुतेक पाणीच! नोकरीत तो रोज ग्राहकांना विचारायचा, 'मधे कोणी उभं आहे का, बघा.' तो तसाच उठला.

"अगं, जरा मुंगीच्या दारात उभी राहा," तो बायकोला म्हणाला. सिग्नलचा काटा दाखवणारा मोबाईल घेऊन तो मुंगीच्या उशाशी बसला होता.

"भांडी पडलीत तशीच, आणि मी इथे खांब होऊन उभी राहू?"

पण ती उभी राहिली. काटा थोडा खाली आला. मग मोबाईल तिच्या हातात देऊन तो स्वतः उभा राहिला. तो धिप्पाड, म्हणून काटा आणखी खाली गेला. तो बाजूला झाला, बायकोशेजारी येऊन बसला. दार मोकळं. पलीकडे पॅसेजमध्ये लख्ख ऊन.

"अहो..." बायकोचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्ही होतात त्याच्याही खाली चाललाय."

दोघंही दाराकडे बघत राहिले. दारात काही नव्हतं. ओल्या भिंतीसारखा थोडासा वास मात्र येत होता. मुंगी गाढ झोपली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं लांब वायर आणली आणि राउटर थेट मुंगीच्या उशाशी आणून ठेवला. पट्टी आणि राउटर यांच्या मधे वीतभर जागा. आता ये म्हणावं, कसा मधे येतोस ते बघतो! ऊन चढलं. टीव्ही, स्पीकर, बल्ब... आणि दाराशी येऊन ते थांबलं. पट्टीचं पाकीट एकही गळेना. बऱ्याच वेळानं बल्ब पुन्हा बिघडला, मग स्पीकर, मग टीव्ही. मग सगळं स्वच्छ. आलं तसं निघून गेलं होतं. त्यानं बायकोचा हात घट्ट दाबला. त्या माउलीला रडू फुटलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"सिग्नल अगदी छान आहे," सिस्टर म्हणाली, "म्हणूनच सगळं स्पष्ट दिसतंय. ठोके मंदावतायत हो तिचे. गाडी निघालीय. फोन ठेवू नका."

मुंगीचे ओठ निळसर पडले होते. बायको तिचे तळवे चोळत होती, नावानं हाका मारत होती. आणि त्याला एकदम रोजच्या संध्याकाळी आठवल्या, उठून बसलेली, भूक लागली म्हणणारी मुंगी. औषध कसलं! ज्याला आपण हाकललं तोच तिला रोज सावरत होता.

त्यानं राउटर वायरीसकट उचलला, धावत हॉलमध्ये नेऊन जागेवर ठेवला आणि बाहेरचं दार सताड उघडलं. जिना रिकामा होता. लोक ऐकतील, वेडा म्हणतील, याची शुद्ध त्याला नव्हती.

"ये," तो म्हणाला. "कोण असशील तो... चुकलो मी. ये ना रे. मधे उभा राहा, झेल, काय पाहिजे ते घे, सगळं कबूल... पण माझ्या पोरीसाठी ये!"

हॉलमधला टीव्ही बिघडला. मग स्पीकर. मग बल्ब.

"गेलं," फोनमधून सिस्टर ओरडली. "मला काहीच दिसत नाहीये!"

"हाताला नाडी लागत नाहीये हो..." आतून बायको.

तो आत धावला आणि पॅसेजमध्येच खाली बसला. ओल्या भिंतीचा वास आता दाट झाला होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग सिस्टरनं मोठा श्वास सोडलेला ऐकू आला.

"आले. आले हो ठोके! चांगले दणदणीत आहेत. जरा संथ आहेत, मोठ्या माणसासारखे. असू दे, चांगलंच आहे."

गाडी आली, मुंगीला घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून पुन्हा तपासलं. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, कसं ते त्यांनाही सांगता येईना. पट्टी निघाली. घरात त्या दुपारचा विषय कोणी काढला नाही. पाकिटं गळायचीही थांबली, टीव्हीची नाही, बल्बची नाही, कुणाचीच नाही.

मुंगी आता जिना चढते, पळते, शाळेत जाते. परवा सुट्टी होती. तो तिच्या पलंगावर बसून मोबाईलचा सिग्नल बघत होता, शेजारी तिचा चेंडू पडला होता. ती पाणी पिऊन आली आणि दारात उभी राहिली. तीच एवढीशी, काडीसारखी.

काटा खाली आला. त्या दिवशी बायको दारात उभी राहिली तेव्हा आला होता त्याच्या खाली. तो स्वतः उभा राहिला तेव्हा गेला होता त्याच्याही खाली. आणि दार मोकळं असताना गेला होता तिथेच थांबला.

त्यानं मान वर केली. मुंगीनं दोन्ही हात पुढे केले होते.

"टाक ना बाबा चेंडू," ती म्हणाली. "मी झेलते."