दार वाजत होतं, मी उघडलं नाही

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, माझं काही अडत नाही. पण हे माझ्या शेडमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. गेल्या साली. बुधवारी. लख्ख दिवसाढवळ्या.

भुतं रात्रीचीच येतात असं वाटणाऱ्यांनी आमच्याकडे एक दिवस काम करून बघावं.

आमचा धंदा जुन्या शीतखोल्यांचा. बंद पडलेल्या कारखान्यांतून आणायच्या, कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा, गॅस भरायचा, चालवून बघायच्या आणि विकायच्या. शाळा माझी चौथीत सुटली, पण काटा बघून मशीनचं दुखणं सांगते. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, गेल्यावर शेड मीच चालवली. हाताखाली एक मिस्त्री आणि माझा धाकटा दीर.

ही खोली मांसाच्या कारखान्यातून आली होती. दाराला आतून ओरखडे होते... छातीच्या उंचीवर.

"घासा ते," मी म्हटलं. "गिऱ्हाइकाला काय नक्षी दाखवायचीय?"

घासून निघेनात.

त्यात आतल्या दांड्याच्या भोकातून गारवा गळणार होता. आत कोणी अडकलं तर दार उघडता यावं म्हणून तो दांडा असतो.

"दांडा काढा. भोकात फोम भरा, वरून नवा पत्रा मारा. ओरखडेही झाकले जातील. दांडा विकताना बसवू."

"वहिनी, चाचणी होईस्तोवर तरी राहू दे," भावजी म्हणाले. "चुकून कोणी अडकलं तर?"

"तुमच्यासारखा वेंधळा अडकला तर अडकू दे. तेवढीच शेडमध्ये शांतता."

मिस्त्री हसला. भावजीही हसले. पत्रा त्यांनीच मारला.

सोमवारी दहाला मशीन लावलं. रिकामी खोली चार तासांत उणे अठरावर जायला हवी. काटा चार अंशांवरच अडला.

"काकू, आत काहीतरी गरम आहे," मिस्त्री म्हणाला. "रिकामी खोली अशी अडत नाही."

उघडून बघितलं. रिकामी.

दार लावलं, आणि आतून...

ठक्. ठक्. ठक्.

उघडलं. कोणी नाही.

तीनदा उघडलं. तीनदा कोणी नाही.

बरोबर तीन वाजता आवाज थांबला... आणि काटा सरसर खाली गेला. आतलं जे काही गरम होतं, ते गार झाल्यासारखा.

मंगळवारी पुन्हा तेच. मिस्त्री सारखा दार उघडून बघायला लागला.

"पत्रा आकसतो, वाजतो," मी दटावलं. "दर ठकठकीला दार उघडाल तर गारवा काय तुमच्या आजीच्या लुगड्यात धरायचा? उद्यापासून कितीही वाजू दे. उघडायचं नाही."

माझा शब्द शेडमध्ये कोणी मोडत नाही.

बुधवारी दहाला आले तर मशीन चालू आणि दार अर्धवट उघडं.

"दार टाकून कुठे उलथले हे!" म्हणत मीच ओढलं. कडीही मीच घातली.

भावजी आत होते. दाराआडच्या कोपऱ्यात, पाणी बाहेर जायच्या नळीशी वाकलेले. आतल्या पंख्याच्या घरघरीत मी त्यांना ऐकू आले नाही. ते मला दिसले नाहीत.

पाचच मिनिटांत वाजायला लागलं.

"काकू, आज जरा जास्तच वाजतंय."

"वाजू दे. दमलं की थांबेल."

आम्ही जेवलो. भावजींचा डबा तसाच. "बसले असतील कुठेतरी गप्पा हाणत," मी म्हटलं.

दोन वाजले. वाजतच होतं.

तीनला थांबलं.

काटा सरसर खाली... उणे अठरा. आणि सांगते, मी खूश झाले. झक्कास धरला गारवा, म्हटलं.

पाचला दार उघडलं.

भावजी दाराशीच बसलेले. गुडघे पोटाशी. हात काखेत. भुवयांवर बर्फ.

डॉक्टरांनी ते हात निरखून बघितले. पुन्हा बघितले.

"यांनी दार वाजवलेलं नाही," ते म्हणाले. "कुठे खरचटलेलं नाही. सूजसुद्धा नाही." वाजवलं तरी उघडायचं नाही हा माझाच हुकूम, तो भावजींना ठाऊक होता.

पण आतल्या नव्या पत्र्यावर पोचे होते... मुठीएवढे. शेकड्यांनी.

आठ दिवसांनी भावजींची बायको, माझी धाकटी जाऊ, समोर येऊन उभी राहिली. कधी मान वर न करणारी बाई.

"ताई, दार वाजत होतं ना?"

"हो."

"मग उघडलं का नाहीत?"

"भावजी वाजवत नव्हते गं. दुसरंच कोणीतरी..."

"म्हणजे त्या दुसऱ्याला त्यांची दया आली," ती म्हणाली. "तुम्हाला नाही."

उभ्या जन्मात मला कोणी असं बोललं नव्हतं.

खोली विकली नाही. वायर कापून टाकलीय. तरी दहाच्या सुमाराला वाजतं.

आता मी उघडते. दर वेळी. आत कोणी नसतं.

पुन्हा लावण्याआधी मी कोपऱ्यात डोकावते आणि हाक मारते... "भावजी?"

अजून ओ आलेली नाही.

आली तर दार लावायचं की नाही, ते मी ठरवलेलं नाही.