नेलीचा मालक

पैज लागली ती भर दुपारी. हुबच्या अंगणात उलट्या क्रेटवर बसून आम्ही एकेक बियर घेतली होती. तेव्हा नशेत बोललो अशी सबब नाही.

"दहा कलमं तुझी, दहा माझी," हुब म्हणाला. "सप्टेंबरच्या जत्रेत मोजायची. ज्याची कमी जगली तो हरला."

"आणि हरणाऱ्याने करायचं काय?"

"ते तू ठरव. सडकं डोकं तुझं आहे."

"चर्चसमोर क्रेटवर उभं राहायचं. माझ्या बायकोचं नऊवारी नेसायचं. आणि कोंबड्यासारखं तीनदा आरवायचं."

नऊवारी म्हणजे काय ते त्याला मोबाइलवर दाखवलं. बियर त्याच्या नाकातून बाहेर आली. सहा फूट चार इंचांचा गडी, चाळीस वर्षं या गावात पोस्टमन होता. डच लोक सहसा मोजून हसतात. हा अपवाद.

आमचं गाव दक्षिण लिम्बुर्गमध्ये, एका टेकाडावर. इथले लोक त्याला 'बर्ग' म्हणतात, म्हणजे पर्वत. यांना आमच्या पर्वतीवर नेलं तर ऑक्सिजन लावतील. मी मूळचा कोथरूडचा. बारा वर्षं उइटहॉर्नला राहून युट्रेख्टला गाडीने जात होतो. मग ऑफिसने घरूनच काम करा म्हटलं, आणि सुनीती म्हणाली की त्याच हप्त्यात तिकडे डोंगरावर बाग मिळते. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी हुबची सायकल दोनदा विकायला काढली, आणि त्याने माझ्या दारावर 'येथे शेणखत मोफत' अशी पाटी लावली. थोडक्यात, शेजार उत्तम होता.

कलमं होती ग्राउवे नेलची. आम्ही तिला नेलीच म्हणायचो. बटाट्यासारखं खरखरीत, राखाडी सालीचं सफरचंद. एकेकाळी इथल्या प्रत्येक परसात होतं म्हणे. आता गावात एकच झाड उरलं होतं, हुबच्या मागच्या उतारावर. शंभर वर्षांचं, बुंधा पोकळ, तरी दर वर्षी फळायचं. गावातल्या दहा-बाराजणांनी ती जात परत आणायचं ठरवलं. जानेवारीत काड्या कापल्या, ओल्या वाळूत ठेवल्या, मार्चमध्ये खुंटांवर पाचर कलमं बांधली.

त्या दिवशी मिया आली होती. नव्वदीची बाई, काठी टेकत चढ चढून आली आणि आमचं काम बघत बसली.

"झाडाला नीट सांभाळा," ती म्हणाली. "मालक मेला की सांगायला जायचं असतं. बुंध्यावर तीनदा ठोकायचं. तुझा मालक गेला, आता मालक हा. नाही सांगितलं तर वर्षात वाळतं. लढाईनंतर कोण कोणाला सांगणार होतं? म्हणून सगळ्या नेली गेल्या."

मी हुबकडे बघून डोळा मारला. तो हसला नाही.

"आई गेली तेव्हा मी सांगितलं होतं," तो म्हणाला आणि पट्टी गुंडाळत राहिला.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी सुनीती खिडकीतून ओरडली, "अरे राजन, बाहेर ये! तुझ्या झाडांना फळं लागली!" माझ्या दहा कलमांना, त्या वीतभर काड्यांना, सुतळीने दहा सफरचंदं बांधलेली. सुपरमार्केटचे स्टिकरसुद्धा काढले नव्हते. कुंपणापलीकडे हुब डोळे पुसत होता.

याला उत्तर देणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी तो दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर मी त्याच्या परसात शिरलो. नेली फुलावर होती, आणि मधमाश्यांचा असा आवाज होता की जवळ कुठे ट्रान्सफॉर्मर असावा. फोन कुंपणावर टेकवला, व्हिडिओ चालू केला. बुंध्यावर तीनदा ठोकलं. आधी डचमध्ये सांगितलं, मग पेपरात येतं तसं शुद्ध मराठीत. "नेलीबाई, कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे परममित्र हुब यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. आता मालक मी."

माश्या थांबल्या.

उडाल्या नाहीत. फुलांवर होत्या तिथेच बसून राहिल्या, गप्प. मी पाच-सहा श्वास मोजले असतील. मग आवाज परत सुरू झाला. ऊन गेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ऊन गेलं नव्हतं.

व्हिडिओ हुबला पाठवला. एकच टिक आली. संध्याकाळीही एकच. तो म्हणाला, काही आलंच नाही. मी दाखवायला फोन काढला तर त्याचा कुत्रा पिम उठून माझ्यापाशी आला आणि माझ्या बुटांवर हनुवटी ठेवून झोपला. हुबने दोनदा हाक मारली. पिमचा कानही हलला नाही.

"लाच काय दिलीस?" हुब म्हणाला. व्हिडिओ राहूनच गेला.

आठवडाभराने आम्ही खालच्या सुपरमार्केटला गेलो. हुब पुढे होता. काचेचं दार उघडलं नाही. तो मागे झाला, पुढे झाला, हात हलवला. मी दोन पावलं टाकली तसं दार उघडलं. परत येताना मी मुद्दाम मागे थांबलो. आतून निघतानाही तो दारापुढे उभाच.

मग बेकरीत बाईने त्याच्या डोक्यावरून, म्हणजे खरंच त्याच्या छातीतून बघावं तसं बघून, मागच्या माणसाला विचारलं, "बोला, काय देऊ?"

हुब वळला. तोंड भरून हसत होता.

"राजन, मानलं तुला! अख्खं गाव सामील केलंस?"

मी सवयीने हसलो. ती माझी सगळ्यात मोठी चूक. ठोकलं त्यापेक्षाही मोठी.

कारण त्यानंतर त्याला सगळ्याचं कारण मिळालं. चर्चबाहेर कोणी हात हलवला नाही, की राजनचा खेळ. कॅफेत कोणी ऑर्डर घेतली नाही, की राजनचा खेळ. तो माझ्यापाशी येऊन गावकऱ्यांच्या अभिनयाचं कौतुक करायचा. "तो खाटीक, बघितलास? पापणीसुद्धा हलली नाही त्याची!"

जूनमध्ये त्याची दहाही कलमं वाळली. एकाच दिवशी. काल पानं होती, आज काड्या काळ्या, आगपेटीतल्या जळक्या काडीसारख्या. माझी दहाही ढोपराएवढी झाली होती. मी पाणीसुद्धा धड घातलं नव्हतं.

"हे कसं केलंस?" त्याने विचारलं. या वेळी हसू अर्धंच होतं.

"हुब, मी काही केलं नाही."

"बरं, बरं."

इथे प्रत्येकाच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. बसल्या बसल्या कोणाचा वाढदिवस जवळ आलाय ते कळतं. आमच्या कॅलेंडरवर चौदा ऑक्टोबरला सुनीतीने जांभळ्या पेनने हुबचं नाव लिहिलं होतं. जुलैमध्ये मी पान उलटून बघितलं. चौदा कोरी होती. अंगठा फिरवून पाहिला. खोडलं असतं तर कागद खरखरीत लागला असता. पेनचा दाबही लागला नाही.

बाहेर आलो तर हुब ओट्याशी उभा होता, नेहमीसारखा मागच्या दाराने आलेला. सुनीतीने कॉफीचे दोन कप भरले. एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतः घेतला.

"सुनीती, हुबला?"

तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आईच्या तेराव्याला नातेवाइकांच्या डोळ्यांत बघितली होती.

"राजन," ती हळू म्हणाली, "तू जरा कोणाशी तरी बोल. डॉक्टरांशी वगैरे."

हुबने अंगठा वर करून दाखवला. "तुझी बायकोपण? वा!" पण तो लगेच गेला. जाताना दाराशी थांबला. "राजन, जत्रेपर्यंत ठीक आहे. नंतर थांबवशील ना? घरात फार शांत वाटतं रे. पिमपण तुझ्याकडेच असतो."

मी मियाकडे गेलो. ती दारात वाटाणे सोलत बसली होती.

"झाडाला चुकून सांगितलं तर?" मी विचारलं. "माणूस जिवंत असताना?"

"कोणाचं सांगितलंस?"

"हुबचं."

ती वाटाणे सोलायची थांबली. माझा हात तिने आपल्या थंड हातात घेतला. "हो. बिचारा हुब. बरं केलंस सांगितलंस. घरात कोणी नव्हतं त्याच्या. झाड वाळलं असतं."

"मिया, तो जिवंत आहे. आत्ता अंगणात लाकडं फोडतोय."

"पहिलं वर्ष असंच जातं," ती म्हणाली.

मी एक शेंग उचलून सोलली. शेवटी विचारलं, "मालक परत बदलायचा असेल तर?"

"झाडाला एकच गोष्ट कळते, पोरा. आधीचा मालक गेला, आता मालक हा."

आता मालक मी होतो.

म्हणजे वाक्य साधं होतं. तुझा मालक राजन गेला, आता मालक हुब. आठ सेकंदांचं काम. आधी दुसरे उपाय करून बघितले. झाडापुढे कान धरून माफी मागितली. नारळ फोडला. हुबचा पासपोर्ट नेऊन दाखवला, हे आता सांगताना हसू येतं. माश्या नव्हत्या, पण पानं तशीच थांबायची, ऐकत असल्यासारखी.

मग ते वाक्य म्हणायला गेलो. तीनदा गेलो.

दरवेळी दोनदा ठोकलं. तिसऱ्यांदा मूठ उचलली की मला सुपरमार्केटचं दार दिसायचं, माझ्यापुढे न उघडणारं. सुनीती दिसायची, फक्त स्वतःचा कप भरणारी. मूठ खाली यायची.

तिसऱ्या खेपेला वळलो तर हुब कुंपणाशी उभा होता. किती वेळ, माहीत नाही.

"उद्या जत्रा," तो म्हणाला. "मी हरलो. पैज फेडतो. मग बास हं, राजन."

जत्रेच्या सकाळी सुनीती पुढे गेली. मी कपाटातून तिचं हिरवं नऊवारी काढलं आणि मोबाइलवर बघून बघून हुबला नेसवलं. काष्टा तीनदा सुटला. सेफ्टी पिना लावताना माझी बोटं त्याच्या कमरेला लागली. शर्ट गार होता. आतलं काही लागलंच नाही.

"कसा दिसतो?" त्याने विचारलं.

"बघण्यासारखा," मी म्हटलं.

चर्चसमोर दोनशे माणसं होती. रस काढायचं यंत्र घरघरत होतं. टेबलावर नेलीची टोपली, आणि तिच्यावर पाटी: मालक, राजन. मी लावली नव्हती.

हुब क्रेटवर चढला. हिरवं नऊवारी, खाली पोस्टमनचे बूट. हात पसरून तो आरवला. एकदा.

कोणी वळलं नाही.

दुसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला. एक बाई त्याच्या समोरून ढकलगाडी घेऊन गेली. पिम माझ्या पायाशी झोपला होता.

तिसऱ्यांदा आरवला आणि माझ्याकडे बघितलं. अजून हसत होता. भुवया उंच करून, आता सांग त्यांना, असं.

मी टाळ्या वाजवल्या. एकटाच. आजूबाजूची माणसं माझ्याकडे वळली. खाटकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आम्हालाही आठवण येते त्याची," तो म्हणाला.

तेवढ्यात सुनीती गर्दीतून पुढे आली. क्रेटपाशी थांबली.

"अरे, माझं लुगडं इथे कोणी टाकलं?"

तिने खाली वाकून एकेक पीन काढली, ओठात धरली. मग पदराचं टोक धरून ती घडी घालायला लागली. हुब हात पसरून तसाच उभा होता, माझ्याकडे बघत. घडी त्याच्या छातीपर्यंत आली होती, आणि खाली पोस्टमनचे बूट उरले नव्हते.