गिरणीच्या गच्चीवरचे वॉफल

"मॅडम, इथं दळू नका."

एवढं बोलून त्यानं गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा फटफटत थांबला, आणि विद्यानगरच्या त्या गल्लीत एकदम शांत झालं. मी पायरीच्या खालीच उभी होते. तोंडावर मास्क, हातात सुक्या शिंगाड्यांची पिशवी. घरचा मिक्सर सकाळीच जळला होता, म्हणून तारनाक्याला परत जाता जाता ही पिंडी गिरणी, म्हणजे पिठाची गिरणी, दिसली तशी स्कूटी थांबवली होती.

"पाटीवर तर लिहिलंय, उपवासाची पीठं दळून मिळतील," मी म्हणाले.

"हौ, मिळतात. पण तुम्ही आत्ताच म्हणालात ना... उपवास नाही, आजार आहे. गहू चालत नाही."

"मग मशीन साफ करून द्या. बाकीचे देतात."

"बाकीचे ब्रश मारतात." त्यानं भुवईवरचं पीठ मनगटानं पुसलं, तर ते कपाळभर पसरलं. "दगडाच्या खाचांत गहू राहतोच, मॅडम. तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

मला आधी राग आला. मग आठवलं – तीन महिन्यांपूर्वी एका गिरणीवाल्यानं 'एकदम साफ केलंय' म्हणून पीठ दिलं होतं, आणि मी चार दिवस पोट धरून पडून होते. दळून देतो म्हणणारे खूप भेटले होते. नाही म्हणणारा हा पहिलाच.

तो म्हणजे प्रबुद्ध. गिरणी त्याच्या वडिलांची, नागोरावांची. आणि मी रोशनी... वय सव्वीस, रेल्वेच्या ऑफिसात नोकरी. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सिलिॲक नावाचा आजार सांगितला. गव्हाचा कणही चालायचा नाही, आणि आतडं सुधारेपर्यंत बाकीची धान्यंसुद्धा बंद. भात नाही, भाकरी नाही. सिकंदराबादचं एक स्थळ जमत आलं होतं, त्यांनी साखरपुड्याच्या आठ दिवस आधी निरोप पाठवला – रोज वेगळा स्वयंपाक कोण करणार?

तेव्हापासून मी कुणाच्या घरी जेवले नव्हते. ऑफिसातल्या मैत्रिणी संध्याकाळी कोपऱ्यावर गरम वॉफल खायच्या. सोनेरी, खाचाखाचांत मध भरलेले. मी शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभी राहायचे. शेवटी हट्टानं वॉफलचं मशीन घरी आणलं होतं. धान्याशिवायचा वॉफल करायचाच, असं ठरवलं होतं.

"ती पिशवी द्या इकडं," प्रबुद्ध म्हणाला. "आणि दोन दिवस द्या."

"काय करणार?"

"ते माझ्यावर सोडा ना."

दोन दिवसांनी गेले, तर तो अफझलगंजहून एक छोटं, नवंकोरं दळणयंत्र घेऊन आला होता. ते त्यानं गिरणीत नाही, वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत ठेवलं होतं. खोली धुतलेली, खालचं पीठ उडून येऊ नये म्हणून खिडकीला ओला पडदा. तो स्वतः निळ्या शर्टात, केसांतून अजून पाणी निथळत होतं. डबा त्यानं दोन हातांनी पुढं केला... आणि मी घेतला नाही.

"आंघोळ केली होती का? दळायच्या आधी?"

तो हसला. "मुली पहिल्यांदा नाव विचारतात. तुम्ही डायरेक्ट आंघोळ?"

"माझ्यासाठी तेच महत्त्वाचं आहे."

"दोनदा केली," तो म्हणाला, अगदी गंभीर चेहऱ्यानं. "केसांना शिकेकाई. नखं कापली. आणखी काही तपासायचंय?"

मी मान खाली घालून डबा घेतला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, त्या त्याला दिसू नयेत म्हणून.

पण त्या पिठाचा पहिला वॉफल साफ बिघडला. झाकण उघडताच त्याचे दोन तुकडे झाले, अर्धा वर चिकटला, अर्धा खाली. डब्यावर त्यानं नंबर लिहिला होता, त्यावर मी फोटो काढून पाठवला. 'तुमच्या पिठाचा पराक्रम.' लगेच उत्तर आलं. 'पिठाला दोष देऊ नका. पत्ता पाठवा, रविवारी येऊन बघतो.'

रविवारी तो खरंच आला. माझ्या आईनं दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "पीठवाले आजकाल घरपोच एवढे नटून येतात का गं?"

"आई... हळू!"

प्रबुद्धनं डब्यातली चिमूट घेतली, कानाशी नेली आणि बोटांत चोळली. "ऐका."

"पीठ ऐकायचं?"

"ऐका तर." त्यानं हात माझ्या कानाजवळ आणला. बोटं मला लागली नाहीत... अगदी थोडक्यात लागली नाहीत. "कर्र करतंय ना? जाड आहे. चूक माझीच. शिंगाडा लई कडक असतो, पुन्हा दळून चाळावा लागेल. आणि याला गव्हासारखा चिकटपणा नाही. पाणी प्यायला वेळ दिला तरच एकमेकांना धरतं."

दुसऱ्या रविवारी त्यानं मलमलीसारखं पीठ आणलं. त्यात बदामाचं पीठ, नारळाचं दूध, अंड्यातलं पिवळं, थोडा गूळ. पांढरं मी वेगळं फेटत होते आणि तो भांडं धरून बसला होता.

"मॅडम, हात दुखत असेल. मी फेटतो."

"मॅडम नका म्हणू."

"मग?"

"रोशनी."

"रोशनी," त्यानं म्हणून पाहिलं, जसं पीठ पाहतो तसं... सावकाश. "चालेल."

फेस उभा राहिला, तो अलगद मिसळला, मिश्रण अर्धा तास झाकून ठेवलं. तरी वॉफल फाटला. मी घाईनं झाकण उघडलं होतं. आतून वाफ येतच होती.

तिसऱ्या रविवारी त्यानं माझा हातच धरून ठेवला. "वाफ थांबू दे. तोवर झाकणाला हात नक्को."

"किती वेळ?"

"थांबेल तेव्हा थांबेल."

आम्ही दोघं ओट्यापाशी उभे. मशीनच्या कडेनं वाफ निघत होती, घरभर बदाम आणि गुळाचा वास. वाफ बारीक झाली, मग बंद झाली. त्यानं माझा हात मात्र सोडला नव्हता, आणि मीही काढून घेतला नव्हता. मी दुसऱ्या हातानं झाकण उचललं.

अख्खा! सोनेरी, कडक, चौकोन न् चौकोन उठलेला. ताटलीत टाकला तर खणखणला. मी कडेचा तुकडा मोडला, कुर्र्र... आणि मला रडूच आलं. दोन वर्षांत मी असं काही कुरकुरीत खाल्लंच नव्हतं.

"रोशनी," तो एकदम म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

तुकडा माझ्या हातातच राहिला.

"तू वेडा आहेस का?" माझ्या तोंडून 'तू' कधी निघालं, कळलंच नाही. "तुझ्या घराखाली गिरणी आहे. पायऱ्यांवर गहू, पडद्यांवर गहू, तुझ्या आईच्या पदरावर गहू. मी कुठं बसू? कुठं जेवू? उद्या तुझे बाबा म्हणतील, ज्या पिठानं आम्हाला उभं केलं तेच हिला चालत नाही... नको, प्रबुद्ध. हे मी एकदा ऐकलंय. पुन्हा ऐकायचं नाही."

त्यानं मशीनचं बटण बंद केलं. भांडी धुऊन ठेवली, आईला नमस्कार केला आणि गेला.

दहा दिवस ना फोन, ना मेसेज. मशीन मी माळ्यावर टाकलं.

अकराव्या दिवशी सकाळी फाटकाबाहेरून खणखणीत हाक आली. "जय भीम! रोशनीबाई इथंच राहतात का?"

नागोराव होते. मी बाहेर आले तशी ते दोन पावलं मागं सरले. "तिथंच थांब पोरी. आत येत नाही मी. कपड्यावर पीठ असंल."

"काका... काही काम होतं का?"

"काम कसलं! पोरगं माझं दहा दिस झाले मुकं झालंय. काल ज्वारीच्या पोत्यात हरभरा वतला. त्याच्या आईनं, केसरबाईनं खोदून इचारलं तवा सांगितलं समदं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "सव्वीस जानेवारीला गिरणीला तीस वर्षं होतात. दरसाली आम्ही गल्लीला पुरी-भाजी देतो. या साली पुऱ्या नाहीत. तुजं ते जाळीचं काय असतंय, ते कर. आमच्या गच्चीवर."

"पण काका, तिथं गहू..."

"दोन दिस आधी गिरणी बंद ठिवतो. जिना, गच्ची, समदं धुऊन काढतो मी सोता."

आई माझ्या मागं येऊन उभी होती. गिरणी बंद ठेवणं म्हणजे काय, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. प्रबुद्धनं मला एकदा सांगितलं होतं – त्याचे बाबा नांदेडकडून आले, दुसऱ्याच्या गिरणीत पोती वाहिली, मग ही घेतली. त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नादिवशीसुद्धा दुपारपर्यंत ती चालू होती.

"तुमच्या पोटात धान्याशिवाय काही टिकतं का, काका?" मी कसंबसं हसत विचारलं.

"न्हाई टिकत," ते म्हणाले. "पण खाऊन तर बगू दे."

सव्वीस जानेवारीला मी माळ्यावरचं मशीन घेऊन गच्चीवर पोचले, तेव्हा फरशी अजून ओली होती. प्रबुद्धनं आणखी दोन नवी मशीनं मांडून ठेवली होती. तोच निळा शर्ट. माझ्याकडं बघायचं तो टाळत होता, आणि मी त्याच्याकडं बघायचं टाळत त्यालाच बघत होते.

"अंडी किती फोडू?" त्यानं विचारलं.

"साठ."

"साठ?!"

"गल्ली मोठी आहे ना तुमची."

तो फोडत गेला, मी फेटत गेले. केसरबाई मशीनला तूप लावत होत्या. नऊ वाजता झेंडावंदन आटोपून गल्ली गच्चीवर आली. समोरच्या भाग्यलक्ष्मी आंटींनी पहिला तुकडा मोडला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अय्यो, इदि बागुंदि! मस्त झालंय हे! यात मैदा नाही म्हणता? झूठ!" मग हातच हात पुढं आले. तीन मशीनं, तीन वाफा, आणि एकही वॉफल फाटला नाही. एकही नाही! नागोरावांनी एक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्यासाठी रांगेत जाऊन उभे राहिले, तेव्हा सगळी गच्ची हसली.

केसरबाईंनी एक ताट माझ्यासाठी भरलं. "बस आता. समद्यांसंगं खा."

मी बसले. एका बाजूला आंटी, एका बाजूला कुणाची तरी मुलगी, पुढ्यात सगळ्यांच्या ताटात होतं तेच. कुणी विचारलं नाही, तुम्हाला हे चालतं का? मी पोटभर खाल्लं. मग उठले आणि पाण्याच्या टाकीमागं प्रबुद्ध भांडी विसळत होता, तिथं गेले.

"मी तुमच्या घरात राहणार नाही," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "मी कुठं म्हणालो..."

"ऐक तर पूर्ण. घर तारनाक्यात घेऊ. तू गिरणीतून निघताना कपडे इथं बदलायचे, मगच यायचं. रोज. कंटाळलास तरी."

"...रोशनी?"

"आणि सणाला मी इथं येईन. याच गच्चीवर. तुझ्या आईंना मी शिकवीन, त्या मला शिकवतील." मी एक पाऊल पुढं सरकले. "मला तू आवडतोस. त्या दिवशी दळायला नाही म्हणालास ना... तेव्हापासून. मी लग्न करणार आहे तुझ्याशी. विचारत नाहीये, सांगतेय."

त्याच्या हातातलं भांडं टाकीवर आपटलं. ओल्या हातांनीच त्यानं माझा चेहरा धरला, मग भानावर येऊन सोडला, मग पुन्हा धरला. आणि कठड्याकडं धावला. नागोराव तेव्हा खाली गल्लीत म्हाताऱ्या शेजाऱ्यांना ताटं पोचवत होते.

"बाबा! ती हो म्हणाली!"

"आँ?" नागोरावांनी कानामागं हात धरला. तीस वर्षं गिरणीच्या आवाजात गेलेले कान ते. "काय पायजे म्हन्ली?"

"हो म्हणाली, बाबा! हो!"

"आरं नीट बोल की!"

मी प्रबुद्धला बाजूला केलं, कठड्यावरून वाकले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"मी हो म्हणाले... बाबा!"

गल्लीतल्या सगळ्या माना वर झाल्या. नागोरावांनी हातातलं ताट जपून पायरीवर ठेवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि जोरात आभाळात भिरकावली.