लोखंडी हाताला भरती

समुद्राखालच्या गुहेत लोखंडी हाताची बोटं हळूहळू उघडत होती. पडद्यावर ते पाहताना ऋजुताच्या अंगावर काटा आला. तिने तर मूठ घट्ट आवळलेली होती.

तिच्या उजव्या हातातल्या मोज्याशी तो हात जोडलेला होता. ती जेवढा जोर लावी, तेवढाच तो. त्याच्या मुठीतल्या दोरीला टिंबू नावाचा चिमुकला यंत्रमानव लटकत होता, आणि खाली तळ न दिसणारी कपार होती. टिंबूला उचलणारी, पाण्याखालून जाणारी होडी यामिनीमावशी शेजारच्या टेबलावरून हाकत होती. पोचायला अजून सहा मिनिटं होती.

लोखंडी हात थरथरू लागला.

"मावशी, कुणीतरी बोटं सोडवतंय त्याची."

मावशीने पकडीचा आकडा पाहिला. तो निम्म्यावर आला होता. "तिथे कुणी नाही. तुझा हात कसा वाटतोय?"

"भरून आलाय."

टिंबू मराठी शिकला होता तो भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. तो शांतपणे म्हणाला, "हातात पाणी भरलं. तो बुडेल. वजन कमी करतो, दोरी सोडतो."

"सोडू नकोस!" मावशी ओरडली. "पाणी नाही रे, थकवा आहे."

"थकवा म्हणजे?"

होडीवरची नजर न हलवता मावशीने भराभर सांगितलं. स्नायू (हाडं हलवणारं मांस) हजारो बारीक तंतूंचा असतो. मेंदूचा हुकूम येतो आणि तंतू आळीपाळीने ओढतात. थकलेल्या तंतूला हुकूम पोचतो, पण त्याची ओढ कमी पडते. मेंदू आणखी तंतू बोलावतो, त्यांचे झटके जुळत नाहीत, म्हणून थरथर. आणि कष्ट वाढले की मेंदूला वाटतं, जोरही तेवढाच आहे.

आळीपाळीने. ऋजुताने दुसरा मोजा दातांनी ओढत डाव्या हातात चढवला. गुहेत दुसरा लोखंडी हात जागा झाला, त्याने दोरी धरली, आणि मगच तिने उजवी मूठ सैल केली.

टिंबूने विचारलं, "म्हणजे हातालाही ओहोटी येते?"

"येते," ऋजुता म्हणाली. "जरा विसावा मिळाला की."

दोन वेळा हात बदलले, तेव्हा कुठे होडीचा हूक दोरीत अडकला.

दुपारी ऋजुता वहीत नोंद करायला बसली. अक्षरं वेडीवाकडी उमटली, जणू दुसऱ्याच कुणाची. या वेळी ती घाबरली नाही. थकवा आधीच ओळखून सांगणारा मोजा कसा असावा, याचं चित्र तिने त्याच पानावर काढायला घेतलं.

टिंबूनेही आपल्या नोंदींत एक ओळ घातली: भरती, समुद्राला आणि हाताला.