तिसऱ्या वळणावरची सवत

नवऱ्याची शर्यत बघायला बायको गेली, यात सांगण्यासारखं ते काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. देवश्रीलाही घरातून निघताना तसंच वाटलं होतं. थेपल्यांचा डबा, पाण्याच्या बाटल्या, धुळीसाठी ओढणी, असा सगळा सरंजाम घेऊन ती आशयबरोबर वासण्याहून निघाली आणि सावली गावाच्या रस्त्याला लागली, तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं.

लग्नाला आठ महिने झाले होते. आशयचं हे दुसरं लग्न. पहिली बायको, कांचन, तीन वर्षांपूर्वी डेंग्यूनं चार दिवसांत गेली. देवश्री शाळेत विज्ञान शिकवायची, भुताखेतांना हसायची. तरी लग्नातच सासूबाईंनी, अहल्याबाईंनी, तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधला. नखाएवढा पत्रा आणि त्यावर बाईची ओबडधोबड आकृती.

"ही कांचन," सासूबाई म्हणाल्या. "दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला गळ्यात वागवायचं असतं. ती गळ्यात आहे तोवर मान तिचा, संसार तुझा."

देवश्रीनं टाक घातला, पण आतून नुसता जळफळाट. अहो, जिवंत सवत परवडली! तिच्याशी कडाकडा भांडता येतं, तिची आमटी खारट झाली की जिवाला बरं वाटतं. मेलेलीचं मात्र काही म्हणजे काही चुकत नाही. आशय कांचनचं नाव कधी काढत नसे, आणि देवश्रीला तेच जास्त झोंबायचं.

गावाबाहेरच्या माळावर मातीचा गोल ट्रॅक होता. अंधार पडला तसे मोठे दिवे लागले, टँकरनं पाणी मारलं, ओल्या मातीचा नि जळक्या तेलाचा वास एकत्र झाला. सहा मोटारसायकली सुटल्या की कानठळ्या बसत आणि धुळीत कोण कुठला ते कळेनासं होई. आशयची लाल गाडी मात्र देवश्रीनं बरोबर ओळखली. पहिल्या शर्यतीत तो पुढेच होता. तिनं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

आणि मग तिच्या लक्षात आलं. दर फेरीला, तिसऱ्या वळणावर, आशय मान वर करून बाहेरच्या जाळीकडे बघत होता आणि डावा हात क्षणभर उचलत होता. ती बसली होती पहिल्या वळणापाशी. तिच्याकडे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

शर्यत संपल्यावर ती तडक विश्वासरावांकडे गेली. आशयची गाडी गेली दहा वर्षं तेच बघत.

"विश्वासकाका, तिसऱ्या वळणाला हा हात कुणाला करतो हो?"

काका फडक्याला हात पुसत राहिले, जरा जास्तच वेळ. "जुनी सवय गं, पोरी. धुळीत फेऱ्यांचा फलक दिसत नाही. किती फेऱ्या उरल्या, ते कांचन तिथे उभी राहून बोटांनी दाखवायची. कळलं म्हणून हा हात उचलायचा."

"पण आता तिथे कोणी नसतं ना?"

"नसतं..." काका म्हणाले. "पण फेऱ्या त्याच्या कधी चुकत नाहीत."

देवश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आठ महिने ही घरात राबतेय, आणि याचं लक्ष अजून तिकडेच! भोंग्यावरून "चालो, छेल्ली रेस!" अशी शेवटच्या शर्यतीची हाळी आली, तशी ती उठून जाळीच्या कडेकडेनं तिसऱ्या वळणाकडे निघाली. वाटेत चहाच्या टपरीवाल्यानं हटकलं.

"बेन, त्यां ना जाव. त्यां कोई ऊभुं नथी रहेतुं."

तिथे कोणी उभं राहत नाही म्हणे! ती गेलीच. तिथला दिवा बंद होता. गर्दी मागे राहिली, पायाखाली गवत होतं, आणि धुळीत दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. गाड्या सुटल्या. आवाज लांबून गोल फिरत जवळ आला. लाल गाडी वळणावर आडवी झाली, आशयनं मान वर केली... देवश्रीनं दोन्ही हात हलवले. त्यानं हात उचलला, पण तिच्याकडे बघून नाही. तिच्या डावीकडे बघून.

तिनं डावीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. फक्त जाळी तेवढ्या भागात आत गेली होती. कोणी तिला छाती टेकून, वाकून उभं राहावं, तशी.

दुसरी बाई असती तर तिथून धूम पळाली असती. पण मत्सर भीतीपेक्षा जबर असतो, बरं का. देवश्रीनं गळ्यातला काळा दोरा हिसडून तोडला आणि तो टाक जाळीला बांधला. तीन गाठी मारल्या.

"हौस आहे ना इथे उभं राहायची?" ती दातओठ खात म्हणाली. "राहा मग. कायमची राहा. तो माझा आहे... ऐकतेस? माझा."

जाळी हळूहळू सरळ झाली.

पुढच्या फेरीला आशय आला आणि सरळ निघून गेला. मान वर नाही, हात नाही. त्याच्या पुढच्या फेरीलाही नाही. देवश्रीला रडूच फुटलं, आनंदानं. सुंठीवाचून खोकला गेला! आणि शर्यतही आशयनंच जिंकली.

विश्वासराव मोटारसायकल टेम्पोत घालून छाणीकडे गेले. माळ रिकामा झाला. देवश्री चारचाकीपाशी वाट बघत होती. आशय आला, धुळीनं माखलेला, पण असा हसत की तसं हसताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. केवढं प्रेम होतं त्या चेहऱ्यावर! ती पुढचं दार उघडायला गेली.

"अहो, तुम्ही मागे बसा हं," तो अदबीनं म्हणाला. "पुढे ही बसेल."

"आशय, चेष्टा पुरे."

त्यानं तिच्याकडे बघितलं. अनोळखी बाईकडे चांगल्या घरचा माणूस बघतो, तसं. मग त्यानं पुढचं दार उघडून धरलं, जरा थांबला आणि हलकेच लावलं. देवश्री मागे बसली, दुसरं काय करणार? गाडी माळावरून रस्त्याला लागली.

"गाडी थांबवा..." ती कशीबशी म्हणाली. "माझं तिथे काहीतरी राहिलंय. मला परत जायचंय..."

"आता नको. घरी आई हिची वाट बघत असेल." आरशातून त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं. "तुम्हाला कुठे सोडू?"

तेवढ्यात गाडीत टिंग टिंग वाजायला लागलं. पुढे बसलेल्यानं पट्टा लावला नाही की वाजतं, ते. पुढची सीट रिकामी होती. देवश्रीला मागून तिची पाठ आणि वरची उशी स्वच्छ दिसत होती.

"पट्टा लाव ना गं," आशय लाडानं म्हणाला.

खट् असा आवाज झाला, आणि टिंग टिंग थांबलं.