पाहुणा लिहीत आहे…

तो पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आला, तेव्हा एसी दुरुस्त करणारा समजून मी त्याला चांगलंच झापलं. "किती दिवस लावता हो!"

"मी सर्व्हरवाला," तो हसला. "पण एसीही बघतो… तुम्ही म्हणत असाल तर."

झालं! तिथेच माझी विकेट पडली.

आमच्या प्रकाशनाला आपसात निरोप धाडायला ओपन सोर्स चॅट हवं होतं, म्हणजे फुकटातलं आणि आपल्याच सर्व्हरवर चालणारं. त्यानं दोन आणली, एक निळं, एक हिरवं. निवड माझ्या गळ्यात पडली, कारण मी मुद्रितशोधक, खोडण्यात पटाईत. निळं झटपट चालायचं, हिरव्यात जुने निरोप पटकन सापडायचे… आणि मी मुद्दाम ठरवतच नव्हते. ठरलं की त्याचं काम संपणार, तो दुसऱ्या शहरात जाणार.

आज मालकीणबाईंनी बजावलं, "संध्याकाळपर्यंत एक सांग."

शेवटचं म्हणून आम्ही हिरवं उघडलं. खाली अक्षरं उमटली – पाहुणा लिहीत आहे…

"चावटपणा पुरे हं."

"मी? माझे दोन्ही हात कपाला आहेत, बघ ना!" खरंच होते. "या नावाचं खातं मी उघडलेलंच नाही."

सर्व्हर टेबलाखालीच होता. त्यानं इंटरनेटची वायर उपटली. आता या खोलीबाहेरून कुणी येणं शक्य नव्हतं. तरी पाहुणा लिहीतच होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि नकळत मी त्याची बाही धरली.

पाहुणा: नको ना जाऊस.

सकाळी याच हिरव्यात मी त्याला हेच लिहिलं होतं… आणि न पाठवताच खोडलं होतं.

"हे कुणाचं?" त्यानं हळूच विचारलं. मी बाही आणखी घट्ट धरली.

पाहुणा: तू थांब म्हणालीस तर थांबेन.

आता त्याचे कान लाल. "मी पुसलं होतं हे," तो पुटपुटला. "देवाशपथ, पुसलं होतं!"

"भीती वाटतेय?" मी विचारलं.

"खूप. बाही सोडू नकोस."

पाहुणा लिहीत आहे…

आता तिसरी ओळ कुणाची? छे, मला ती वाचायचीच नव्हती.

"थांब," मी मोठ्यानं म्हणाले, पडद्याकडे नाही, त्याच्याकडे बघून. "थांब रे…"

"थांबलो," तो म्हणाला.

पडद्यावरची अक्षरंही थांबली. मग विझली. पाहुण्याचं नाव कुठेच उरलं नाही.

"मालकीणबाईंना काय सांगायचं?" त्यानं विचारलं.

"हिरवं," मी म्हणाले. "पण यात काही खोडायचं नाही… कळलं?"