गोदाची पंगत

सूर्य नुकताच उगवला होता आणि आता पंधरवडाभर मावळणार नव्हता. माणगंगा चांद्रवस्तीच्या जलघरात बिरुदेव देवकाते मापनळीला नाक टेकवून उभा होता. काचेच्या त्या नळीत वस्तीच्या साऱ्या पाणीसाठ्याची पातळी दिसे. आज ती कालच्यापेक्षा केसभर खाली होती. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. पण बिरुदेव वस्तीचा जलप्रमुख होता, आणि त्याचं लहानपण म्हसवडच्या बाजूला टँकरची वाट बघण्यात गेलेलं. पाण्यातला केसभर फरक त्याच्या डोळ्यात मुसळासारखा खुपे.

वस्तीवर माणसं तीनच. वस्ती चालवणाऱ्या पुण्याच्या मंडळानं ती मुद्दाम माणदेशातून निवडली होती. तहान दाबून हसणारी माणसं दुसरीकडं सहज सापडत नाहीत. एक बिरुदेव, दुसरी वैद्य अनसूया पुकळे, आणि तिसरी रुक्साना मुलाणी, जी चंद्राचा दगड भाजून त्यातून प्राणवायू काढी. चौथी गोदा. ती राखाडी, पांढऱ्या पायमोज्यांची मांजर होती, माणसांना सोबत म्हणून आलेली. तिनं दोन वर्षं सोबत केली, आणि आता ती म्हातारी झाली होती.

हल्ली गोदाचं पाणी फार वाढलं होतं. वाटी भरावी तर रिकामी, पुन्हा भरावी तर पुन्हा रिकामी, आणि तिच्या मोरीच्या नळीतून सारखी झुळझुळ. बिरुदेवानं हिशेब जुळवला आणि तो तडक आडाकडं निघाला.

आड म्हणजे वस्तीतून वर पृष्ठभागाकडं जाणारी शिडीची उभी पोकळी. नकाशात तिला लांबलचक नाव होतं, पण खोल आणि गोल दिसलं की आड म्हणायची या तिघांची जन्माची सवय. आडाच्या तळाशी अनसूया मांडी घालून बसली होती. मांडीवर गोदा होती. गोदाच्या मानेमागं, कातडीखाली, बारीक सुई. सुईपासून निघालेली नळी वर वर गेलेली, आणि शिडीच्या अगदी शेवटच्या पायरीला सलाइनची पिशवी टांगलेली. पृथ्वीवर ही पिशवी डोक्याच्या उंचीवर टांगली की भागतं. पण चंद्रावर पाण्यालाही खाली उतरायची घाई नसते. वजन सहावा हिस्सा, म्हणून उंची सहापट. दाबपंप होता, पण त्याची घरघर ऐकली की गोदा एका उडीत छताला जाई आणि तिथून पिसासारखी तरंगत, शिव्या देत खाली येई. त्यापेक्षा आड बरा, आणि आडापाशी ओवी बरी.

"पहिली माझी ओवी गं, मामाच्या या आडाला,
थेंब थेंब उतरतो माझ्या गोदाच्या पाठीला."

अनसूयेची आई आयुष्यभर जात्यावर बसली होती. दळण संपलं हे तिला पिठावरून नव्हे, ओव्यांवरून कळे. अनसूयेची पिशवीही तशीच, ओव्या संपल्या की रिकामी.

"ताई," बिरुदेव म्हणाला, "ही मांजर हाय का नदी?"

"नदीच. नाव बघ की."

"थट्टा न्हाई. हिच्या एकटीपायी माझी पातळी उतरली."

अनसूयेनं गोदाच्या कानामागं खाजवत त्याला समजावलं. मूत्रपिंडाची कामं दोन. रक्तातला गाळ बाहेर टाकायचा, आणि टाकताना पाणी मागं राखायचं. गोदाच्या पोटात बिरुदेवासारखाच एक काटकसरी कारभारी होता. तो थकला. आता त्याला पाणी राखता येत नाही. जेवढं येतं तेवढं वाहून जातं. म्हणून तिनं सारखं प्यायला हवं, आणि प्यायलेलं पुरत नाही म्हणून हे कातडीखालचं. पाणी कमी पडलं की गाळ रक्तात साठणार. मग मळमळ, मग अन्नावरून तोंड फिरवणं, मग शेवट.

"आणि दिलं तर बरी होती का?"

"नाही. पण जगते. आणि मजेत जगते. तू तुझ्या पाण्याची काळजी करू नको. ते जाणार कुठं? हिच्या मोरीतून पुनर्जल यंत्रात आणि तिथून तुझ्याच टाकीत. बंद चक्र आहे हे. इथं पाणी संपत नाही, फिरतं."

बिरुदेव मांडी घालून समोर बसला. आता त्याच्या शास्त्राचा प्रश्न होता. पाणी फिरतं हे खरं, पण यंत्राच्या नळ्यांत पांढरा थर धरतो. गावाकडं बोअरच्या पाण्यानं बंबाच्या तळाला बसतो, तसाच. मूत्रातल्या चुन्याचा थर. तो वाढला की धुण्याची घंटा वाजते, नळ्या आम्लानं धुवाव्या लागतात, आणि ते धुण्याचं पाणी कशालाच लायक राहत नाही. बाहेर टाकून द्यावं लागतं. वस्तीतून पाणी कायमचं जातं ते याच एका वाटेनं. "मांजर जास्त मुतणार, नळ्यांतून जास्त जाणार, थर जास्त धरणार, धुणं जास्त. साधं गणित हाय."

अनसूयेला या गणितात कुठंतरी खडा लागत होता, पण कुठं ते सांगता येईना. तिनं आपल्या वाट्यातलं पाणी गोदाला द्यायची तयारी दाखवली. नियमात ते बसत नव्हतं. प्रकरण पुण्याच्या मंडळाकडं गेलं. मंडळाचे प्रमुख वर्धमान चौगुले सौम्य गृहस्थ होते, आणि सौम्य गृहस्थ करतात तेच त्यांनी केलं. निर्णय जलप्रमुखानं घ्यावा, असं कळवलं.

बिरुदेवानं मापनळीवर लाल रेघ ओढली. पुढचा सूर्य उगवेल तेव्हा मालवाहू यान येणार होतं. पाणी तोवर रेघेखाली उतरलं तर गोदा त्या यानातून पृथ्वीवर परत. उड्डाणाचा हिसका आणि त्यावर सहापट वजन तिला सोसणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. रेघ ओढताना बिरुदेवानं मांजराकडं बघायचं टाळलं. रुक्सानानं ते पाहिलं.

दोनच दिवसांत नवं संकट आलं. गोदानं पाणी प्यायचं सोडलं. वाटीशी जाई, बसे, आणि तोंड फिरवून निघून जाई. अनसूयेनं पाणी कोमट केलं, वाटी बदलली, फिरतं पाणी ठेवलं, बोटावरून चाटवलं. सगळं व्यर्थ. मग एकदा दगडभट्टीवरून दमून आलेली रुक्साना जमिनीवरच बसून घटाघटा पाणी प्यायली, आणि गोदा आपल्या वाटीशी येऊन तिच्या शेजारी लपलप करू लागली. रुक्साना थांबली. गोदा थांबली. रुक्साना पुन्हा प्यायली. गोदा पुन्हा प्यायली.

"आता कळलं," रुक्साना म्हणाली. "पाहुणीला एकटीलाच पानावर बसवलं आपण. आमच्या सांगोल्यात असं केलं तर पाहुणा उठून जाईल."

त्या दिवसापासून वस्तीत पंगत बसू लागली. दिवसातून कितीदा तरी, हातातलं काम टाकून, जमिनीवर ओळीनं वाट्या मांडायच्या आणि गोदानं घोट घेतला की आपणही घ्यायचा. अनसूया स्वतः मनात ओशाळली होती. वर्षाच्या तपासणीत पोटाच्या आत बघणाऱ्या अंतर्दर्शकानं तिघांच्याही मूत्रपिंडात वाळूसारखे कण दाखवले होते. कमी वजनात हाडं झिजतात, त्यांचा चुना रक्तात आणि तिथून मूत्रात उतरतो. भरपूर पाणी प्या, असं तिनं दोघांना बजावलं होतं. आणि स्वतःही पाळलं नव्हतं. माणदेशी जिभेला घोट टाळायची इतकी सवय, की वैद्यकी तिथं हरली. मांजरापुढं मात्र कुणाची टाप नव्हती.

बिरुदेवही पंगतीला बसे. न बसणं वाईट दिसलं असतं. पण त्याची वाटी पालथी असे.

"आधी मांजर नदी झाली, आता तुम्ही दोघी तळी व्हा," तो म्हणे. "रेघ खाली जाऊ द्या, मग बोलू."

"तुम्ही निवडुंग व्हा दादा," रुक्साना म्हणे. "फूल तेवढं आलं की कळवा."

नवल म्हणजे गोदा नेमकी त्याच्याच शेजारी बसे. आपलं पिऊन झालं की त्याच्या पालथ्या वाटीला नाक लावी, वर त्याच्याकडं बघे, पुन्हा वाटीकडं बघे. बिरुदेव नजर चुकवून छताची तपासणी करी.

सूर्य मावळला. पंधरवड्याची रात्र लागली. पातळी सुरुवातीला थोडी उतरली, कारण पाणी आता टाकीत बसण्याऐवजी फिरत होतं; रेघेच्या बोटभर वर आली आणि तिथंच थांबली. बिरुदेव रोज तिचं खाली जाणं बघायला येई, आणि ती हटून बसलेली असे. त्यानं मापनळी पुसली. मग उघडून साफ केली. आणि मग एकदा त्याच्या लक्षात आलं की धुण्याची घंटा बऱ्याच दिवसांत वाजलेली नाही. घंटा बिघडली असणार. त्यानं ती हातानं वाजवून पाहिली. अशी खणखणली की गोदा छताला जाऊन आली.

पहाटेला, म्हणजे उजाडायला पृथ्वीचा एक दिवस उरला असताना, त्यानं यंत्राच्या नळ्याच उघडल्या. चार जणांच्या चार नळ्या यंत्रापाशी येऊन एका मोठ्या नळीला मिळत. घंटा जिच्यावर बसवली होती ती मोठी नळी जवळजवळ स्वच्छ. अनसूयेची स्वच्छ, रुक्सानाची स्वच्छ. गोदाची तर अशी लख्ख, की जणू कालच बसवली. चौथी नळी मात्र बंबाच्या तळासारखी पांढरीशुभ्र, थरानं अर्धी बुजलेली. हा चुना कुणाचा म्हणून तो गुडघ्यांवर टेकून नळीच्या कडेनं सरकत गेला. नळी वळली, बोगद्यातून गेली, आणि त्याच्या स्वतःच्या खोलीच्या मोरीत शिरली.

तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. आणि त्याच क्षणी कमरेत, उजवीकडं, कुणी पहार खुपसावी तशी कळ आली.

रुक्सानाला तो सापडला तेव्हा तो जमिनीला गाल लावून पडला होता, आणि गोदा त्याच्या पाठीला पाठ लावून बसली होती. चंद्रावर माणूस उचलणं सोपं. रुक्सानानं त्याला एका खांद्यावर टाकलं, दुसऱ्या हातात मांजर घेतली आणि अनसूयेकडं आणून ठेवलं. वेदनाशामक दिल्यावर त्याच्या तोंडावरचा घाम ओसरला. अंतर्दर्शकाच्या पडद्यावर खडा स्पष्ट दिसत होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. अनसूयेनं मग स्वतःला आणि रुक्सानालाही तपासलं. दोघींची मूत्रपिंडं धुतल्यासारखी निर्मळ होती. गेल्या वेळची वाळू कुठं दिसेना.

"ताई," बिरुदेव पडद्याकडं बघत म्हणाला, "हा थरच हाय की. नळीतला."

"तोच. चुना तेवढाच, पाणी कमी. नळी काय आणि मूत्रपिंड काय. भरपूर पाण्यात चुना विरघळून वाहून जातो, थोड्या पाण्यात जागच्या जागी बसतो."

"म्हणजे जास्त मूत्र, जास्त थर, हे माझं गणित..."

"उलटं होतं."

बिरुदेव हट्टी होता, पण खोटा नव्हता. उरलेलं त्यानं स्वतःच पायरीपायरीनं उलगडलं. तिघं होता होईल तो कमी पीत होती म्हणून नळ्या थर धरत होत्या. थर धरला म्हणून धुणं लागे, आणि धुण्याचं पाणी वस्तीबाहेर जाई. पंगत सुरू झाली, पाणी पातळ वाहिलं, थर बसेना, घंटा वाजेना, धुणं लागेना. घोट राखून त्यानं दोन वर्षं पाणी वाचवलं नव्हतं, सांडलं होतं.

"साऱ्या वस्तीत पाण्याची गळती आता एकच उरलीया," तो म्हणाला. "आन ती हितं पडलीया."

रुक्साना जलघरात जाऊन आली. पाणी लाल रेघेवर होतं. वरच्या अंगाला, आणि बोटभर.

"तरी फूल आलं म्हणायचं निवडुंगाला," ती म्हणाली. "खड्याचं का असेना."

खडा लहान होता. भरपूर पाणी दिलं तर तो आपल्या वाटेनं निघून जाणार होता. म्हणून अनसूयेनं बिरुदेवाला आडाच्या तळाशी आणून निजवलं आणि शिडीच्या शेवटच्या पायरीला दोन पिशव्या टांगल्या. एक नळी त्याच्या दंडात उतरली, दुसरी गोदाच्या मानेमागं. दोघं शेजारी शेजारी, एकाच आडाचं पाणी घेत. गोदाचा थकलेला कारभारी पुन्हा उभा राहणार नव्हता. हे अनसूयेला ठाऊक होतं आणि आता बिरुदेवालाही. पण आजची पिशवी भरलेली होती, उद्याचीही भरली जाणार होती, आणि मांजराच्या हिशेबात त्याहून लांबचं काही नसतं.

"दुसरी माझी ओवी गं, कंजूष त्या पाण्याला,
मांजरीनं गुरू केला माझ्या बिरूदादाला."

"गुरू तिनं केला का ती गुरू झाली, ते एकदा ठरवा," बिरुदेव म्हणाला. पण हसला, आणि हसताना कमर धरली.

आडाच्या वरच्या कडेला ऊन दिसू लागलं. यान उतरलं. थोड्याच वेळात चौगुल्यांचा आवाज पुण्याहून आला. प्रकृतीची चौकशी झाली, मग त्यांनी घसा साफ केला. मांजर यानात ठेवली का, असं त्यांनी विचारलं.

"न्हाई साहेब," बिरुदेव पडल्यापडल्या म्हणाला. "ती कामावर हाय."

शब्द पृथ्वीवर जाऊन उत्तर परत येईतो आडात नुसतं थेंबांचं उतरणं होतं.

"मांजर? कसल्या कामावर?"

"जलप्रमुखाला पाणी पाजायच्या."

पुढचं काय बोलणं झालं ते रुक्सानानं सांभाळून घेतलं. अनसूयेनं दोन्ही सुया काढल्या आणि जमिनीवर वाट्या मांडल्या. गोदा उठली, अंग ताणलं, आपल्या वाटीशी गेली आणि बसली. प्यायली मात्र नाही. तिनं शेजारच्या पालथ्या वाटीला नाक लावलं, आणि वर बिरुदेवाकडं बघितलं.

बिरुदेवानं छताकडं बघितलं नाही. त्यानं हात लांबवून वाटी सुलटी केली. रुक्सानानं ती काठोकाठ भरली.

"पितो बाई," म्हणत त्यानं ती तोंडाला लावली.

मग गोदानं मान खाली घातली.